मी वघईला आलो होतो, त्याचा खुलासा

सुभाष टेकडीजवळ, उल्हासनगर-४
शनिवार, दि. १८ नोव्हेंबर २००६

प्रिय धर्मराज यास,

सप्रेम जयभीम.

इकडे मी आणि कुंदा ठणठणीत. तिकडे तूही ठणठणीत असशील असं धरून चालतो, कारण दीड वर्षात तुझी एक ओळ नाही, आणि आजारी माणूस निदान जुन्या डॉक्टरचं नाव विचारायला तरी पत्र टाकतो. (मीही टाकलं नाही, ते मला माहीत आहे. पण हे पत्र माझं आहे, त्यामुळे यात आधी तुझी चूक येणार.) गंगूवहिनींचे गुडघे काय म्हणतात? तिकडे घराला जिना नाही असं ऐकलं, म्हणजे गुडघ्यांचं तरी भलं झालं. राजेंद्रची वखारीतली नोकरी नीट चालू असेल. नातवाला दात आले असतील आणि तो ते तुझ्यावरच चालवून बघत असेल.

पत्र लिहायला खास कारण काही नाही, फक्त एक खुलासा करायचा आहे. गेल्या शनिवारी, म्हणजे ११ तारखेला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मला वघईच्या बाजारात कोणी पाहिलं असेल, तर ते तुझ्या कानावर गेलंच असणार. एवढंसं गाव, त्यात मी कानटोपी घालून. (वेळ लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकतीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये काढली, तुझ्याच शेजारच्या खुर्चीत, तेव्हा तुला हे नव्याने सांगायला नको.) तर तुझा असा गैरसमज नको व्हायला, की हा माणूस आपल्या गावात आला आणि आपल्या घरी न येता निघून गेला. आणि त्याच्या उलटाही नको, की हा माणूस खास आपल्यासाठीच एवढ्या लांब आला होता. दोन्ही खोटं. मी खरेदी आणि निसर्ग या दोन कारणांसाठी आलो होतो. तसं पावतीवर छापलेलं आहे.

झालं असं, की आपल्या कोपऱ्यावरच्या हेमचंद्रने झेरॉक्सच्या दुकानात आता सहलींचाही धंदा सुरू केला आहे. दिवाळीच्या आधी त्याने बाहेर बोर्ड लावला : 'चलो डांग! खरेदी व निसर्ग. दोन रात्री, तीन दिवस. चहा आपला आपण.' आता मला सांग, साऱ्या मुलखातले लोक लग्नाचा बस्ता बांधायला, जीन्स घ्यायला, कपाटं न्यायला आपल्याकडे येतात, आणि आपण राज्याची हद्द ओलांडून खरेदीला गुजरातेत जायचं, ते पण जंगलात? मी हेमचंद्रला तसं स्पष्ट सांगायलाच दुकानात शिरलो होतो. पण त्याने टेबलाच्या काचेखाली नकाशा ठेवला होता. कसारा, नाशिक, वणी, सापुतारा असं करत माझं बोट वघईपर्यंत गेलं आणि तिथे जरा थांबलं. मी सहज विचारलं, इथे बस किती वेळ थांबते? तो म्हणाला, दोन तास. मी म्हणालो, काय करायचेत दोन तास, अर्ध्या तासाचं गाव ते. घरी येऊन कुंदालाही हेच सांगितलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्टूल घेऊन माळ्यावरची बॅग काढली. तिचं म्हणणं एवढंच, की इकडे बांबूचं सूप मिळेनासं झालंय, प्लास्टिकच्या सुपात पाखडायला गेलं की खडे राहतात आणि तांदूळ उडतात. तेव्हा जाणं झालं ते सुपासाठी, हे लक्षात ठेव.

हद्द ओलांडताना काहीतरी होईल अशी माझी समजूत होती. काही झालं नाही. एक पाटी आली, सगळे खिडकीशी गेले, आणि पाटी मागे गेल्यावर डोंगर होते तेच. पुढच्या टपरीवर चहात साखर तेवढी वाढली. सापुताऱ्याला तलावाकाठी दुकानांची रांग आहे, तिथे कुंदाने नागलीचे पापड, मध, दोन टोपल्या आणि ते सूप अशी खरेदी केली. मी भाषेची बाजू सांभाळत होतो. मला गुजराती येत नाही, पण चाळीस वर्षं सिंध्यांच्या शेजारात काढली आहेत, तेव्हा परमुलखात मी आपोआप "साईं, बराबर बोलो" असा सुरू होतो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, मराठीत बोला ना, मी सटाण्याचा." मग त्याने एक चादर उलगडली आणि आवाज खाली आणून सांगितलं, "इथे सगळीकडे डुप्लिकेट मिळेल, हा माल मात्र असली आहे, डायरेक्ट उल्हासनगरहून येतो." धर्मराज, आयुष्यभर आपण आपल्या गावाचं नाव नकली मालाला लागलेलं ऐकत आलो. कारखान्यात नवीन घड्याळ बसलं आणि बंद पडलं, तर सगळे आपल्या दोघांकडे बघून हसले होते. आणि इथे परक्या राज्यात एक माणूस छातीला हात लावून सांगतोय, असली, उल्हासनगर! मी चादर घेतली. घरी तशा तीन आहेत. मला त्या क्षणी असं झालं, की ही गोष्ट आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सांगायला पाहिजे, आणि बसमधली अठ्ठावीस माणसं त्या कामाची नव्हती.

आता मूळ मुद्दा. वघईला बस लागली, बायका बाजारात गेल्या, आणि मी निसर्ग बघायला म्हणून बाजूला झालो. तुझा पत्ता माझ्या खिशात होता, पण तो असाच होता. (विहाराच्या कमिटीच्या वहीतून उतरवून घेतला होता. कमिटीला तू पत्ता दिलास, मला नाही, हे मी विसरलेलो नाही.) तेवढ्यात एक हिरवी जीप माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्यावर काय लिहिलं होतं ते मला लागलं नाही. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे ती कधीही खाली पडतील अशी मला काळजी वाटते आणि वाचनात लक्ष लागत नाही. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "कॅम्पवाला छो?"

तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? आपलं गाव म्हणजे कॅम्प. एक नंबर ते पाच नंबर. आपण उल्हासनगर म्हणतो ते फक्त पाकिटावर. अंबरनाथचे, बदलापूरचे, अगदी चामटोलीहून सायकल मारत येणारे सगळे जण आपल्या जोडीला 'कॅम्पवाले' म्हणत. एकटा दिसलो तर विचारत, दुसरा कॅम्पवाला कुठाय? तेव्हा मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "हो, कॅम्पवाला. चार नंबर." ड्रायव्हरचा चेहरा खुलला. "चार नंबर? बेसो, बेसो! बधा वाट जुए छे."

बधा म्हणजे सगळे, हे मला नंतर कळलं. पण 'वाट' कळली. वाट आपल्याकडेही बघतात. मला क्षणात सगळं स्पष्ट दिसलं. हेमचंद्रने न राहवून तुला फोन केला असणार. तू त्या गावातही कॅम्पच्याच गोष्टी सांगत असणार, त्यामुळे तुला कॅम्पवाला म्हणत असणार. आणि तू मला आणायला गाडी पाठवलीस. स्वतः आला नाहीस, कारण तुझाही राग आहे, पण गाडी पाठवलीस. दीड वर्ष सांभाळून ठेवलेला माझा राग वघईच्या शेवटच्या घरापर्यंतसुद्धा पुरला नाही. मी पुढच्या सीटवर बसलो आणि त्या ड्रायव्हरला, आपल्या त्या हिंदीत, सगळं सांगून टाकलं. की आमचा दोस्त गाव सोडून पोराकडे निघाला, ते त्याने इस्त्रीवाल्याला आधी सांगितलं आणि आम्हाला पंधरा दिवसांनी. की आम्ही रुसलो. की निघायच्या दिवशी भर मे महिन्यात आम्ही रजई घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलो आणि बायकोला सांगायला लावलं, ताप आहे. की दोस्त दारात येऊन उभा राहिला, "येतो रे कमळाकर" म्हणाला, थोडा वेळ थांबला, आणि आम्ही वळलो नाही. "गलती हमारी थी," असं मी म्हणालो. ड्रायव्हर मान हलवून म्हणाला, "कंई वांधो नही." म्हणजे काही हरकत नाही. मला वाटलं तूच म्हणालास. मी खिडकीकडे तोंड केलं. धूळ फार होती.

जीप जात राहिली. घरं संपली, शेतं संपली, दोन्ही बाजूंना नुसता साग. राजेंद्रने घर जरा आडबाजूलाच बांधलेलं दिसतंय, असं माझ्या मनात आलं, पण वखारीतला माणूस, सागाजवळ राहणार, हेही पटलं. अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी एका नदीकाठी तंबू दिसले. हिरव्या टोप्या घातलेल्या अकरा माणसांनी टाळ्या वाजवून माझं स्वागत केलं. मी जीपमधून उतरत होतो आणि त्या टोप्यांखाली तुझं डोकं शोधत होतो. एकेक टोपी नीट बघितली. तू नव्हतास.

तो कुठल्याशा कॉलेजातल्या मास्तरांचा नेचर कॅम्प होता. त्यांचे चार गट होते, आणि चौथ्या गटातले एक रिटायर्ड प्रोफेसर यायचे राहिले होते. त्यांच्या मुख्य मैत्रेयी मॅडम नाशिकच्या होत्या. त्यांनी मला टोपी घातली, हातात काठी, वही आणि उपम्याची बशी दिली, आणि म्हणाल्या, "सर, नाव-गाव नंतर लिहू, आधी पक्षी." आता तू म्हणशील, तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगितलं असतं तर मग जीपमध्ये बसलात कशाला, हा प्रश्न आला असता. आणि त्याचं उत्तर मी कुंदालाही दिलेलं नव्हतं, ते अकरा मास्तरांपुढे काय देणार? शिवाय जीप परत जाणार होती तीनला. मी उपमा खाल्ला आणि पक्षी बघायला बसलो.

पक्षी बघणं म्हणजे गप्प बसणं, एवढंच आहे ते. तीन तास कोणी कोणाशी बोलायचं नाही. खाली अंबिका नदी, पाणी इतकं स्वच्छ की तळातले दगड मोजावेत. (आपली वालधुनी रोज वेगळ्या रंगाची वाहते. आज कुठल्या कारखान्याचा कोणता रंग, यावर आपण पुलावर सायकली थांबवून पैज लावायचो. तू नेहमी हिरवा म्हणायचास.) मी बघत होतो आणि मला काही सुचत नव्हतं. मग समोरच्या झाडातून एक पांढरं पाखरू निघालं. केवढंसं ते, आणि शेपूट वीतभर लांब, रिबिनीसारखी मागे लहरत. मी मागे न बघता हात लांब करून म्हणालो, "धर्मा, बघ!" चांगला मोठ्याने. पाखरू उडून गेलं. मास्तर ज्याच्यासाठी चार दिवस मुक्काम करून बसले होते, ते हेच बाणपाखरू होतं म्हणे. माझा हात मागच्या एका मास्तरांच्या खांद्यावर पडला होता. ते बिचारे हळूच म्हणाले, "मी धर्मा नाही."

धर्मराज, मला तुझी आठवण येते. हे लिहायला मी सकाळपासून तीन कागद फाडले, आता लिहिलंय तर राहू दे. सायकल अजून काढतो, पण मंदिराच्या उतारावर वेग कमी करतो, मागून कोणी येतंय का म्हणून. टपरीवर तोंडातून "दोन कटिंग" निघून जातं आणि मग दोन्ही मीच पितो. त्याने पित्त वाढलंय. तुझ्या खोलीत नवीन लोक आलेत, चांगले आहेत, पण त्यांनी दाराला पडदा लावलाय. त्या दाराला कधी पडदा होता का रे? परवा पालेगावला जाऊन आलो. आपण शेजारी शेजारी जागा घेणार होतो, मध्ये कुंपण नको, एकच पेरूचं झाड, ते ठरलं होतं ना, त्या माळावर आता सात मजली इमारत उभी आहे. वॉचमनने मला हटकलं, कोणाकडे जायचंय? मी म्हणालो, कोणाकडे नाही.

तर पुढे तीनला जीप निघायच्या आधी हजेरी झाली. खरे प्रोफेसर दुसऱ्या गाडीने येऊन पोचले होते, म्हणून चौथ्या गटात एक माणूस जास्त भरला. मॅडमनी विचारलं, "सर, आपण कोणत्या कॅम्पचे?" मी म्हणालो, "चार नंबर. सुभाष टेकडी." त्या जमिनीवर बसून हसल्या. टोपी मात्र परत घेतली नाही. वघईला उतरलो तेव्हा बस उभी होती, हेमचंद्र लाल झाला होता, बायका मला निसर्गाचा चांगलाच हिसका दाखवायच्या बेतात होत्या, आणि कुंदा दोन्ही टोपल्या मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. बस लगेच निघायची होती, त्यामुळे तुझ्याकडे यायला एक मिनिटही मिळालं नाही. असा हा सगळा खुलासा आहे. राग नसावा.

गंगूवहिनींना नमस्कार, राजेंद्रला आणि सूनबाईला आशीर्वाद, नातवाच्या दातांना जपून पापा.

तुझा,
कमळाकर

ता. क. : वर 'एक मिनिटही मिळालं नाही' असं लिहिलंय, ते टाइम ऑफिसच्या माणसाला शोभत नाही. बसचं चाक बदलायचं होतं. चाळीस मिनिटं मिळाली. मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तू ओट्यावर बसून नातवाला काहीतरी भरवत होतास. वाळला आहेस. मी पुढे आलो नाही, कारण तू वर बघून विचारलं असतंस, "ताप उतरला का?" ताप नव्हताच, धर्मा. तू दारात होतास तेव्हा मी जागा होतो. तुझ्या चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकला.

ता. क. २ : एक पोस्टकार्ड टाक. त्यावर मजकूर नको, खुशाली नको. नुसतं 'ये' लिही. न बोलावता येणं मला जमत नाही, तो माझा स्वभाव तुला माहीत आहे. ते एक अक्षर लिहायला फार वेळ लागणार नाही.

ता. क. ३ (कुंदाकडून) :
वघई, रविवार, २६ नोव्हेंबर

भावजी, जयभीम. हे पत्र ह्यांनी मला पेटीत टाकायला दिलं, ते मी टाकलं नाही. तुमचं कार्ड येणार, मग हे दोन दिवस ते उलटसुलट वाचणार, मग मुहूर्त बघणार, त्यात उन्हाळा उजाडला असता. टोपलीचा कान तुटलाय, बदलून आणू या, असं सांगून ह्यांना आज इथे घेऊन आले. टोपलीला काही झालेलं नाही. ह्यांनाही ते दिसतंय, पण अख्ख्या प्रवासात एकदाही विचारलं नाही. मी एस.टी. स्टँडवर बाकावर बसून हे लिहितेय. पत्र तुमच्या हातात देऊन मी तडक आत गंगूबाईंकडे जाणार आहे. तुम्ही पत्र शेवटून वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहिते : आतलं सगळं राहू द्या, ते तोंडाने सांगतील. ते स्टँडवर बसलेत, बोलावल्याशिवाय यायचे नाहीत. तुम्ही स्वतः जा. राजेंद्रला पाठवू नका.